आप्पांच्या पूजेएवढा पॉज

१ जानेवारी २००६, रविवार. दुकानात, दुपारी

नवीन डायरी. कुकरच्या एजंटाने दिली. प्रत्येक पानाखाली एक कुकर छापलेला आहे. ही डायरी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा यात खरंच लिहायचं. निदान महत्त्वाच्या बाबतीत.

संकल्प: रोज लिहिणे. पहाटे माजलगाव रोडला फिरायला जाणे (आज थंडी होती, उद्यापासून). रोहिणीवर न चिडणे. बायको असली तरी तिलाही कधीकधी मुद्दा असतो.

वर्षाची मुख्य बातमी: आमची शिवांजली दिल्लीत आहे. औरंगाबादच्या कॉलेजातून एनसीसीसाठी निवडली गेली. सव्वीस जानेवारीला राजपथावर चालणार. अख्ख्या दिंद्रुडमधून पहिली. मी ही बातमी वडिलांना, म्हणजे आप्पांना सांगितली तेव्हा ते बेल निवडत होते. वर न बघता एवढंच म्हणाले, किती वाजता?

त्या एका प्रश्नाने माझी झोप उडाली आहे. कारण सगळी अडचण त्या वेळेतच आहे.

२ जानेवारी, सोमवार

फिरायला गेलो नाही. गुडघा.

अडचण नीट मांडून ठेवतो. आप्पांची लिंगपूजा सकाळी पावणेदहाला सुरू होते आणि सव्वाअकराला संपते. दार बंद. इष्टलिंग तळहातावर. त्या वेळात बोलणं नाही, हूं की चूं नाही. रझाकाराच्या काळात गावात गोळी चालली तेव्हाही आप्पांनी डोळे उघडले नव्हते असं सांगतात. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दिल्लीची परेड दहाला सुरू होते आणि एनसीसीच्या पोरी पावणेअकरा-अकराच्या सुमारास येतात. म्हणजे नात राजपथावर, आजोबा पूजेत.

रोहिणी म्हणाली, आप्पांनाच विचारा ना, त्या दिवशी पूजा लवकर करता का. मी हसलो. आप्पांना पूजेची वेळ बदला म्हणायची या घरात कुणाची छाती आहे? विषय संपवला.

मग ती म्हणाली, रेकॉर्ड करून ठेवा. तेही जमणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी आप्पांना मॅचचं रेकॉर्डिंग लावून दिलं होतं. ते म्हणाले, जेचा निकाल साऱ्या गावाला ठावा हाय ते कावून बघू? उष्टं हाय ते. आणि उठून गेले. दुसऱ्यांनी आधी बघितलेलं ते उष्टं. आप्पा उष्टं घेत नाहीत.

पण माझ्याकडे उपाय आहे.

३ जानेवारी, मंगळवार

उपाय: माझा कॉम्प्युटर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत दुकानाच्या नावाने घेतला, त्यात टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं. केबल त्यातच जोडली. जुना टीव्ही मी रोहिणीच्या भावाला देऊन टाकला, कारण एका घरात दोन टीव्ही म्हणजे दिखावा. आप्पा अजून त्याला ‘तुझी पेटी’ म्हणतात.

या पेटीत चालू टीव्ही थांबवता येतो. दोन उभ्या रेघांचं बटण आहे. दाबलं की माणूस आहे तिथे थांबतो, तोंड उघडं असेल तर उघडंच. आपण जेवून यायचं, परत दाबायचं, तो जिथे होता तिथून पुढे बोलतो. हे रेकॉर्डिंग नाही. हे चालूच आहे, फक्त आपल्यासाठी थांबलेलं. म्हणजे उष्टं नाही. ताजंच, झाकून ठेवलेलं.

अडचण एकच. थांबवून ठेवायची मर्यादा तीस मिनिटं आहे. आप्पांची पूजा नव्वद मिनिटांची. म्हणजे पॉज पूजेएवढा करायचा. सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा आहे, दुसरं काही नाही. दोन दिवसांचं काम.

शेहेचाळीस वर्षांत आप्पा मला एकदाही ‘बरं केलंस’ म्हणालेले नाहीत. दुकानाला काचेचं शटर बसवलं तेव्हा म्हणाले, फुटंल. फुटलं, पण तो वेगळा भाग.

४ जानेवारी, बुधवार

पहिली चाचणी. रोहिणीची साडेसातची मालिका चालू होती, तेवढ्यात चकलांब्याचे पाहुणे आले. मी ऐटीत पॉज केलं. पाहुणे चाळीस मिनिटं बसले. परत चालू केलं तर मालिकेतली थोरली सून घराबाहेर उभी होती आणि सगळे रडत होते. ती बाहेर कशी गेली तेच गेलं. तीस मिनिटांची बादली, चाळीस मिनिटांचं पाणी, आधीचं सांडलं.

मी रोहिणीला म्हणालो की या चाचणीतून फार मोलाची माहिती मिळाली. जेवायला भाकरी आणि ठेचा. फक्त.

६ जानेवारी, शुक्रवार

आकडा बदलला. तीसच्या जागी एकशे ऐंशी लिहिलं. तीन तास. सढळ हाताने केलं, पूजा लांबली तर असू द्या. कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

जागा करणे हे काम माझ्या हातचं आहे. भांड्याच्या दुकानात आयुष्य गेलं, अडगळ ओळखता येते. रोहिणीच्या भावाच्या लग्नाचे फोटो ठेवले (शहाणपण). शिवांजलीचे गेम काढले. मग विंडोजच्या घरात शिरलो. तिथे एक फोल्डर निघालं, सिस्टम बत्तीस. आपल्याकडे कॉम्प्युटर एक, बत्तीस सिस्टम कशाला? काही फायली निघत नव्हत्या, पण मी चिकाटी सोडली नाही. जेवढ्या निघाल्या तेवढ्या काढल्या. भरपूर मोकळं वाटलं.

७ जानेवारी, शनिवार

कॉम्प्युटर सुरू होत नाही. लोडशेडिंगचा परिणाम.

९ जानेवारी, सोमवार. माजलगाव

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन काळ्या-पिवळ्या जीपने शहादेवकडे आलो. शहादेव म्हणजे ज्याने मला हा कॉम्प्युटर जोडून दिला तो. तिशीचा माणूस, भरघोस मिशा, पण बोलणं जरा उद्धट. त्याने विचारलं, काय डिलीट केलं का? मी म्हणालो, काहीच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग परत माझ्याकडे. दोन तास सीड्या घालत बसला. सगळं नवीन भरलं.

तीन तासांच्या पॉजचं विचारलं. शहादेव म्हणाला, डिस्क फॅट हाय काका, एक फाइल चार जीबीच्या फुडं जात न्हाई, मधीच थांबंल. दोन दिस इथं ठिवा, डिस्क बदलून देतो. न्हाईतर कॉलिटी कमी करा.

दोन दिवस ठेवायला मी मोकळा नाही. आणि डिस्क फॅट आहे हे तर चांगलंच झालं, मला वाटलं होतं अरुंद असेल. राहिला चार जीबीचा प्रश्न. चार जीबी म्हणजे साधारण चार तास धरायला हरकत नाही. मला तीन हवेत. एक शिल्लकच राहतो.

क्वालिटी कमी करणार नाही. नात राजपथावर आणि तोंड पोह्यासारखं, असं नको.

१२ जानेवारी, गुरुवार

एक तासाची चाचणी पूर्ण यशस्वी!! दुपारी शेतीचा कार्यक्रम थांबवला. एक तासाने सुरू केला. डाळिंबवाला डाळिंब हातात धरून तसाच होता, पुढे बोलू लागला. साक्षीदार: बायनाबाई, आमच्याकडे धुणंभांडी करतात त्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मालक, तुमी इथं थांबवलं की दिल्लीतबी थांबतंय का? मी म्हणालो, नाही, फक्त आपल्यापुरतं. त्या म्हणाल्या, मंग राधाकिशनच्या हॉटेलातल्या टीव्हीत? मी म्हणालो, तिथेही नाही. बायनाबाई थोडा विचार करून म्हणाल्या, मंग साऱ्यांचं झाल्यावर आपलं व्हतंय म्हणा की.

शिक्षणाचा अभाव.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

तिळगूळ देता देता निम्म्या गावाला सांगून झालं. सव्वीसला आमच्याकडे या असं मात्र कुणाला म्हणालो नाही, कारण नियम आहे. नियम मला काल आंघोळ करताना सुचला आणि तो इतका चोख आहे की मीच चकित झालो.

आप्पांच्या आधी आपण बघितलं, तर ते उष्टं झालं. थांबवलेलं असो नाहीतर चालू. निवद दाखवायच्या आधी घरात कुणी तोंडात घास घालतं का? तसंच. पॉज दाबायचा, मॉनिटरवर रुमाल टाकायचा, आवाज बंद करायचा, आणि आप्पा पूजेतून उठेपर्यंत घरातल्या कुणीही परेड बघायची नाही. इथेही नाही, शेजारीही नाही. आप्पा आले की रुमाल काढायचा आणि सगळ्यांनी झेंड्यापासून एकदम बघायचं.

आप्पांना हे सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, आन तवर तुमी काय करणार? मी म्हणालो, आम्ही पेटीकडे पाठ करून बसणार. आप्पा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तिळगूळ हातातच राहिला.

प्रभावित झाले.

१७ जानेवारी, मंगळवार

पूर्ण तीन तासांची चाचणी सुरू केली. सत्तर मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टरने बारा मिनिटं दम धरला. निष्कर्ष: यंत्रात दोष नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

पूर्ण तीन तासांची चाचणी, प्रयत्न दुसरा. पंचावन्न मिनिटांनी बायनाबाईंच्या झाडूने प्लग निघाला. निष्कर्ष: यंत्रात दोष नाही, झाडू नको.

आता तिसऱ्यांदा करत नाही. एक तास जमला आहे. तीन तास म्हणजे एक तास तीन वेळा. यात तपासण्यासारखं काय आहे?

रोहिणी परत म्हणाली, आप्पांना एकदा विचारून तर बघा. मी चिडलो नाही. फक्त मोठ्याने बोललो.

२१ जानेवारी, शनिवार

शिवांजलीचा फोन. दिल्लीत खूप थंडी आहे, पहाटे तीनला उठवतात, बोटं वाकत नाहीत म्हणाली. रोहिणीचे डोळे भरले. मी पॉजबद्दल सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, साधं लावून बघा ना. मी म्हणालो, तू पाय बरोबर उचल, इकडची काळजी करू नको. मग ती म्हणाली, कसंही बघा, पण तुम्ही बघा. बाकीच्यांचं मला एवढं नाही. तुम्ही बघा.

ती पाचवीत असताना प्रभातफेरीसाठी मी तिला आमच्या बोळात लेफ्ट-राइट शिकवायचो. मी दुकानातली परात वाजवायचो, ती चालायची. डावा पाय आधी हे तिला मीच शिकवलं. ती फोनवर हेच म्हणत होती बहुतेक. मी हो म्हणालो. फोन ठेवून नाक शिंकरलं, थंडीमुळे.

२३ जानेवारी, सोमवार

राधाकिशनने त्याच्या चहाच्या हॉटेलात नवीन ॲन्टेना लावला आहे. चौदा इंची टीव्ही, त्यात मुंग्या, आणि वर बोर्ड: ‘आपल्या गावची लेक राजपथावर. सकाळी ९ पासून.’ माझी मुलगी आणि बोर्ड त्याचा.

आप्पा दुकानावरून जात होते तर माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, आप्पा, सव्वीसला या की आमच्याकडं, म्होरची खुर्ची तुमची. आप्पा म्हणाले, बघू. मी राधाकिशनला स्पष्ट सांगितलं की ती पूजेची वेळ आहे आणि आमच्याकडे व्यवस्था झालेली आहे. तो म्हणाला, कसली व्यवस्था? मी म्हणालो, तुला कळायची नाही. त्याने मला चहा पाजला. मी प्यायलो, पण मनापासून नाही.

२५ जानेवारी, बुधवार. दुपार

तयारी पूर्ण. इन्व्हर्टरची बॅटरी भरली. सव्वीस जानेवारीला सकाळी लाइट घालवायची कुणाची हिंमत होणार नाही, तरी असू द्या. मॉनिटरवर टाकायला रोहिणीने विणलेला लोकरीचा रुमाल धुऊन ठेवला. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. नियमांचा कागद दारावर चिकटवला.

शहादेवचा फोन आला. स्वतःहून. म्हणाला, काका, उद्या ते पॉजचं करणार असला तर सव्वा तासाच्या वर जाऊ नका. लाइन खराब होती. सव्वा तास म्हणाला की सव्वातीन तास ते नीट ऐकू आलं नाही. सव्वातीनच असणार.

आज आप्पा मला म्हणाले, उद्या तू बी बघ बरं. त्यांना माझी काळजी वाटली हे बरं वाटलं. मी म्हणालो, तुमच्या आधी नाही आप्पा. आप्पांनी मान हलवली आणि गेले. उद्या ते दोन शब्द, ‘बरं केलंस’, ऐकायला मिळणार. माझी खात्री आहे.

२६ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.४०

उठलो. न्हाणीघर ओलं. आप्पांची आंघोळ माझ्या आधीच झालेली. त्यांनाही उत्साह आलेला दिसतो.

८.५०

पूजेच्या खोलीचं दार बंद. एरवी पावणेदहाला बंद होतं. आज विशेष पूजा असणार, जास्त वेळ चालणार. मी तीन तासांचा बफर ठेवला तो किती दूरदृष्टीचा, हे आता कळेल.

९.१५

पॉज दाबला. पडद्यावर राजपथाचं धुकं थांबलं. रुमाल टाकला. आवाज बंद. लाइट आहे. सगळं हिशेबाप्रमाणे.

९.५०

मी, रोहिणी आणि बायनाबाई भिंतीकडे तोंड करून बसलो आहोत. पूजेच्या खोलीतून हूं की चूं नाही. आप्पांची एकाग्रता म्हणजे काय असते ते अशा दिवशी समजतं. राधाकिशनकडून बँडचा आवाज येत होता, खिडकी लावून घेतली.

१०.१०

बायनाबाई उठल्या. म्हणाल्या, मालक, भिंत बघून बघून डोळं दुखायलेत. त्यांना जाऊ दिलं. घरातल्या नाहीत, नियम तितका कडक नाही.

१०.२५

रोहिणी दळण आणायला गेली. दारातून म्हणाली, अहो, चला ना. मी हात वर करून गप्प केलं. तिने परत एकदा म्हटलं, चला. मी परत हात वर केला. पूजा चालू असताना बोलायचं नाही हे लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी तिच्या लक्षात राहत नाही.

आज गिरणी बंद असेल हे तिला सांगायचं राहिलं.

१०.३५

रुमालाखालून ‘टुंग’ असा एक आवाज आला. वळून बघितलं नाही. मोह झाला होता, पण नाही. याला म्हणतात संयम.

१०.५५

राधाकिशनच्या हॉटेलातून टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. खिडकी बंद असूनही ऐकू येतो. कुणाच्या तरी हातून कपबशी फुटली असणार. आमच्याकडे शांतता. शिवांजली आता रुमालाखाली पोचली असेल. तिथे ती माझी वाट बघत थांबली आहे असं वाटलं आणि जरा गहिवरून आलं.

११.२०

पूजा अजून चालू.

११.४०

दार हळूच वाजवलं. उत्तर नाही. ते येणारच नव्हतं, पूजा चालू असताना आप्पा बोलत नाहीत. पण आतून काही हालचालही नाही. अठ्ठ्याहत्तरचं वय.

दार ढकललं. खोलीत कुणी नाही. समई विझलेली, वात थंड. बेल वाहिलेला, तोही सुकायला लागलेला.

दुपारी १.३०

घडलं ते क्रमाने लिहितो.

मी दारात उभा होतो, तेवढ्यात समोरून आप्पा, रोहिणी आणि बायनाबाई बोलत बोलत आले. आप्पांच्या कपाळाला विभूती, खांद्यावर शाल, आणि गळ्यात राधाकिशनने घातलेला झेंडूचा हार. मागे अर्धी गल्ली. रोहिणी रडत होती आणि हसतही होती. दळणाचा डबा रिकामाच. बायनाबाई मला म्हणाल्या, मालक, काय चालली वो आपली पोर, लई गोड.

मी आप्पांना विचारलं, पूजा? आप्पा म्हणाले, झाली की. पहाटं चारला उठलतो. साडेसहाला आटपलं. मी म्हणालो, पण तुमची वेळ? ते म्हणाले, येळ काय, पोरगी तिथं एकदाच चालणार. पूजा पहाटंबी व्हती. मी म्हणालो, मग मला आधी सांगितलं का नाही? आप्पा म्हणाले, तू इचारलंस व्हय? आणि मग म्हणाले, तू लई रंगात व्हतास रं. कावून मोडावं म्हणलं. रोहिणीला सांगितलं व्हतं तुला आणायला.

तिने दोनदा बोलावलं होतं. मी दोनदा हात वर केला होता.

तरी मी धीर सोडला नव्हता. म्हटलं, हरकत नाही, माझ्याकडे सगळं झाकून ठेवलेलं आहे. आता मी बघतो, झेंड्यापासून, मुंग्यांशिवाय. सगळ्यांना आत बोलावलं. राधाकिशनलाही. रुमाल काढला.

पडद्यावर एक छोटी चौकट होती. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की फाइल चार जीबी झाली आहे, पुढे लिहिता येत नाही. वेळही दिली होती: दहा पस्तीस. चौकटीत ‘ओके’ सोडून दुसरं बटण नव्हतं. मी थोडा वेळ दुसरं बटण शोधलं. मग ओके दाबलं. सगळं धुकं गेलं आणि चालू कार्यक्रम आला. हळदीवरील करपा रोग आणि त्याचे नियंत्रण.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. राधाकिशन म्हणाला, चल, च्या पिऊ. मी गेलो नाही.

म्हणजे आज आमच्या गावात ज्याने ज्याने बघायचं ठरवलं त्या सगळ्यांनी शिवांजलीला बघितलं. फक्त मी बघितलं नाही. मी तिच्याकडे पाठ करून दोन तास पंचवीस मिनिटं बसलो होतो.

शहादेव सव्वा तासच म्हणाला होता. मला ऐकू आलं होतं.

संध्याकाळी ७.४५

शिवांजलीचा फोन आला. मीच उचलला. तिचा आवाज बसला होता. पहिलंच वाक्य, पप्पा, दिसले का मी? मी म्हणालो, दिसलीस की. स्पष्ट दिसलीस. ती एकदम खुश झाली. म्हणाली, सांगा कितव्या ओळीत होते. इथल्या पोरी म्हणतात कॅमेरा आमच्या बाजूला फिरलाच नाही, त्यांना सांगायचंय मला, माझ्या पप्पांना दिसलं.

तिसरी म्हणावं की पाचवी. ती तिकडे थांबली होती. मी फोन आप्पांच्या हातात दिला.

आप्पा फोनवर मोठ्याने बोलतात, दिल्लीला तारेशिवाय ऐकू जावं असं. म्हणाले, तिसऱ्या वळीत व्हतीस तू, आमच्याकडनं दुसरी. टोपीचा लाल तुरा दिसत व्हता. हनुवटी वर, मान सरळ. तुझ्या शेजारच्या पोरीचा हात जरा खाली जात व्हता, तुझा न्हाई. समोर आलीस तवा राधाकिशननं खुर्चीवर चढून शिट्टी मारली, म्या बी उठून उभा ऱ्हायलो. तिकडून शिवांजलीचं हसणं मला रिसीव्हरबाहेर ऐकू येत होतं. मी कोपऱ्यात उभं राहून ऐकत होतो. फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत वाटलेलं नाही.

फोन ठेवल्यावर मी आप्पांना म्हणालो, मला परत सांगा. ते म्हणाले, आत्ता ऐकलंस की. मी म्हणालो, मी बघितलं नाही आप्पा. मी तिला खोटं सांगितलं.

आप्पा बाजेवर थोडे सरकले आणि मला बसायला जागा केली. मग शाल नीट करून त्यांनी झेंड्यापासून सुरुवात केली.